पांढऱ्या पेशी वाढविणारे इंजेक्शन आणि रक्ताचा कर्करोग

नांदेड-लातूर परिसरातील रक्तकर्करोगाचे अनेक रुग्ण उपचारासाठी मुंबईस अथवा हैदराबादेस जातात. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी फार घटल्या, तर काही रुग्णांना त्वचेखाली जी-सीएसएफ नावाचे इंजेक्शन दिले जाते. ते पांढऱ्या पेशी वाढविते, असे समजल्यावर नातेवाईक विचारतात : हा आजारच मुळी पांढऱ्या पेशींच्या बेसुमार वाढीचा, मग या इंजेक्शनाने आजारालाच खतपाणी मिळणार नाही ना? शंका रास्त आहे. संशोधकांनाही ती पडली होती.

अस्थिमज्जेतील पेशींना वाढीचा निरोप देणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. १९६० च्या दशकाच्या मध्यास मेलबर्न येथे रे ब्रॅडली व डोनाल्ड मेटकाफ यांनी, तसेच इस्राएलमध्ये लिओ सॅक्स व सहकाऱ्यांनी, मज्जापेशी अगरच्या, म्हणजे आपल्या चायना ग्रासच्या, मऊ जेलीत वाढविल्या. वृद्धिघटक मिळाला तरच पेशींचे पुंजके तयार होत. एरवी त्या मरत. पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे हे शास्त्र महाराष्ट्रातही रुजले. त्याच दशकात डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

पुढे रक्तकर्करोगाच्या पेशींवर हेच प्रयोग झाले, तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. तीव्र मायलॉइड प्रकारातील बहुतेक रुग्णांच्या पेशी वृद्धिघटकाविना बशीत तगत नाहीत. तो मिळताच वाढतात. तथापि उंदरांच्या काही कर्करोगपेशींना जी-सीएसएफ दिल्यावर त्या प्रौढ झाल्या, आणि प्रौढ पेशी पुन्हा विभागत नाही. म्हणजे एकच निरोप कोठे वाढ घडवितो, तर कोठे वाढ थांबवितो.

बशीतील निष्कर्ष रुग्णास जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून रुग्णांवर चाचण्या घेण्यात आल्या. केमोथेरपीनंतर हे औषध दिल्यास पांढऱ्या पेशी लवकर सावरतात, आणि आजार उलटण्याचे प्रमाण त्यामुळे वाढत नाही, असे मोठ्या चाचण्यांत दिसून आले. तरीही प्रत्येक रुग्णास त्याची गरज नसते. ते कोणास व केव्हा द्यावे, हे आजाराचा प्रकार पाहून तज्ज्ञच ठरवितात.

या अभ्यासाचे आणखी एक फळ आहे. दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगाच्या पेशी बाहेरून वृद्धिघटक न मिळताही वाढतात. अशा रुग्णापासून मिळालेल्या के-५६२ या पेशी पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये जतन केल्या आहेत. या आजारात बीसीआर-एबीएल हे सदोष प्रथिन आतूनच वाढीचा निरोप देत राहते. तो निरोप रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये उपलब्ध झाली आणि असंख्य रुग्णांचे आयुष्य लांबले.

नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे, की भीतीपोटी इंजेक्शन परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेततो. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाल्यास, मध्यरात्र असली तरी, सकाळची वा मुंबईच्या गाडीची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे आणि केमोथेरपी सुरू असल्याचे प्रथम सांगावे.