नंदी आधी उलटा करून बघ

बाबू, तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या तोंडावर चंद्रपूरच्या बाजारात लाकडी नंदी मांडले की गिऱ्हाइकाची नजर आधी डोळ्यांवर, झुलीवर आणि शिंगांच्या बेगडावर जाते. तू नंदी हातात घे आणि उलटा कर. पोटाखाली आणि खुरांच्या तळाला रंगाचा ब्रश सहसा नीट फिरत नाही. लाकूड कोणतं आणि ते कसं तासलंय, हे तिथेच उघडं पडतं.

खुराच्या तळाशी बऱ्याचदा लाकडाचा आडवा छेद मिळतो. नंदी तुझा झाल्यावर तिथे धारदार पात्याने तिळाएवढी जागा साफ कर, ओलं बोट फिरव आणि भिंग लाव. साग असेल तर एकेका वर्षाच्या वाढीबरोबर मोठ्या छिद्रांची रांग वळत गेलेली दिसेल, बोटाला किंचित तेलकटपणा लागेल आणि ताज्या कापाला चामड्याचा वास येईल. शिवणीचं लाकूड फिकट आणि हलकं. हळदूचं पिवळं, त्याची छिद्रं इतकी बारीक की भिंगाशिवाय सापडत नाहीत. हलक्या लाकडाला सागाचा रंग देऊन ‘आलापल्लीचा साग’ म्हणून विकणारे भेटतील. सागाच्या बाजारात आलापल्लीच्या नावाला वजन आहेच आणि २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरच्या लाकूड डेपोतून तिकडचा साग गेल्यापासून तर जो तो तेच नाव घेतो. पण रंग कापाच्या आत फार खोल जात नाही. पात्याखाली लगेच पांढरं लाकूड दिसलं तर दोनच शक्यता: लाकूड दुसरं आहे, नाहीतर सागाचाच बाहेरचा पांढरा भाग वापरलाय. त्या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते, गाभ्याला सहसा लागत नाही.

आता पाय बघ. कारागिराची अक्कल मला तिथेच कळते. लाकूड रेषेच्या दिशेने मजबूत आणि आडवं कच्चं. ठोकळ्याची रेष डोक्याकडून शेपटीकडे धरून पाय कोरले, तर ती पायांना आडवी छेदते आणि पोराच्या हातून नंदी एकदा पडला की पाय तुटतो. जाणता सुतार रेष उभी, पायांच्या दिशेने धरतो. मग शिंगं आणि शेपूट कच्ची पडतात, म्हणून ती वेगळी कोरून भोकात बसवतो. तेव्हा शिंगं जोडलेली दिसली म्हणून नाक मुरडू नकोस, तो विचार करून केलेला जोड आहे. पाय जोडलेले असतील तर मात्र खुंटी आहे की नुसता फेविकॉल, हे विचार. खुंटी असेल तर मांडीजवळ लाकडाचा छोटा गोल दिसतो. चाकांचा पाटही तपास, कारण चाकं खिळ्याने ठोकली असतील तर तिथून लाकूड उकलतं.

हीच अक्कल जर्मनीतल्या झायफेन गावच्या कारागिरांनी वेगळ्या वाटेने लावली. ते ओल्या स्प्रूसच्या ओंडक्याची जाड चकती खरादावर चढवतात. आधी एका बाजूने पायांमधली पोकळी कातायची, मग चकती उलटवून पाठ. तयार कडं उभं चिरलं की प्रत्येक फोड म्हणजे एक घोडा किंवा गाय, आणि रेष आपोआप पायांच्या दिशेने. फोड आतल्या टोकाला निमुळती असते, पुढे चाकूने तिला गोलाई देतात. असं जनावर कधी हाती आलं तर दोन्ही टोकांची जाडी ताडून बघ.

विकणारा सांगेल त्या नावावर विसंबू नये, याचा दाखलाही तिकडेच आहे. लाकडी अस्वलं जगभर ‘ब्लॅक फॉरेस्टची’ म्हणून विकली गेली, म्हणजे जर्मनीची. खरं तर त्यांतली बहुतेक स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ गावची, जिथे १८८४ साली लाकूडकोरणीची शाळा निघाली. लाकूड लिंडनचं किंवा अक्रोडाचं. लिंडनमध्ये रेष जवळजवळ दिसत नाही, म्हणून अस्वलाचा केस न् केस पटाशीने काढता येतो.

हात की यंत्र, हे खोबणीत बघावं. कानामागे, मानेच्या वळीत, जिथे दोन काप मिळतात तिथे पटाशीचा कोपरा टोकदार असतो. यंत्राचं पातं गोल फिरतं, म्हणून कोपराही गोल उरतो आणि खोलगट भागात बारीक समांतर रेघा राहतात. डावा आणि उजवा कान तंतोतंत सारखे असले तर मला शंका येते. रेषच कुठे नाही, छिद्रं नाहीत आणि पोटाखालून कपड्याच्या शिवणीसारखी उंच रेघ गेलीय, तर ती साच्यातून काढलेली वस्तू. तिला कोरीव म्हणायचं नाही.

जुनेपणाच्या गोष्टी फार ऐकायला मिळतील. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं नागपुरात सांगतात, त्यामुळे भोसलेकालीन नंदीही निघतात! झीज बघ. पोरांचा हात वशिंडावर आणि मानेवर पडतो, दोरीने वेसणीचं भोक एका अंगाला घासतं. झीज सगळीकडे सारखी दिसली तर ती काचकागद मारून केलेली. किडीची भोकं वेडीवाकडी आत शिरतात, गिरमिटाची सरळ जातात.

भामरागड, एटापल्लीकडे गेलास तर माडिया आदिवासींच्या घरांत लाकडी फण्या आणि तंबाखूच्या डब्या दिसतील. करणाऱ्याने विकायला काढलेलं तेवढंच घे आणि तो सांगेल तो भाव दे, घासाघीस करू नकोस. पूर्वजांच्या नावाने उभारलेला खांब किंवा दगड कुणी ‘जुना माल’ म्हणून दाखवला तर हातही लावू नकोस. तो कुणाच्या तरी घरच्या माणसाचा आहे. चोरीची वस्तू विकत घेऊन आपण चोरालाच पोसतो.

एक सवय आजपासून लाव. डेपोत लठ्ठ्याच्या तोंडावर हातोडीचा ठसा असतो, पण नंदी तासताना तो जातो. म्हणून करणाऱ्याला विचार: लाकूड कोणतं, कुठून आणलं, कोणत्या साली कोरलं. त्याची हरकत नसेल तर त्याचं नाव, गाव आणि साल पोटाखाली पेन्सिलीने लिही. शाई नको, ती रेषेत पसरते. आणि त्यावर वॉर्निश मारू नकोस, पुढच्या माणसाला तिथे भिंग लावायचं असेल.