रंगीत पाणलावा

पावसाळ्यांत तिन्हीसांजेस तळ्याच्या कडेनें जात असतां, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा 'ऊक, ऊक' असा घुमणारा आवाज आपणांपैकीं कित्येकांनीं ऐकला असेल. तो बेडकाचा नव्हे, भुताचा तर नव्हेच. तो रंगीत पाणलाव्याच्या मादीचा होय.

हा पक्षी सुमारें 25 सेंटिमीटर लांब असून त्याची चोच लांब व टोकाशीं किंचित् वाकलेली असते. खटाव तालुक्यांतील मायणीच्या तलावासारखी गाळवट कड, पाटणकडील भातखाचरें, आणि वाळवा-मिरजेकडे अति पाण्यानें पाणथळ झालेल्या उंसाच्या जमिनी, अशा जागा त्यास मानवतात. शेतकऱ्यास जी जमीन वायां गेली असें वाटतें, तींतील लव्हाळा ह्याचें घर. दिवसभर तो दडून राहतो. सांजसकाळीं चिखलांतून किडे, गांडुळें, गोगलगायी व धान्याचे दाणे वेंचतो. माणूस अगदीं पावलाशीं येईपर्यंत हलत नाहीं, आणि उडाला तरी पाय लोंबते ठेवून थोड्या अंतरावर पुन्हां उतरतो.

मोरासारख्या पक्ष्यांत नर नटलेला असतो. येथें सर्व उलटें आहे. मादीची मान तांबूस-तपकिरी व डोळ्याभोंवतीं पांढरें कडें. नर मात्र फिकट, मातकट. पुकारा मादी करते, नरासाठीं झुंजतेही तीच. बांधाच्या गवतांत बहुधा चार अंडीं घालून ती दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडीं उबविणें व पिलें संभाळणें बापाच्या माथीं येतें. जो अंड्यांवर बसतो तो दिसूं नये, हें त्याच्या मातकट रंगाचें कारण. आम्ही स्वतः कितीएक वर्षें त्यालाच मादी समजत होतों! कुत्रें जवळ आलें तर तो ठिपकेदार पंख व शेपूट पसरून फिस्कारतो.

बांधावरचा असा पक्षी फासांत धरणारे म्हणतात, "एक धरला तर काय झालें, दुसरा आहेच." परंतु दुसरा तेथें नाहींच. बाप गेला कीं चारही अंडीं गार पडतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ही शिकार गुन्हा आहे, पण विळ्यास कायदा दिसत नाहीं. म्हणून गवत कापतांना पायाशींच पक्षी उडाला तर जरा थांबून खालीं पाहावें. अंडीं असल्यास हातभर गवत राखावें. तीन आठवड्यांच्या आंत पिलें बाहेर पडतात व लवकरच बापामागें चालूं लागतात. मग तें गवत खुशाल कापावें.