जुनी जीप आणि मोठे इंजिन

साखळीहून पर्ये, केरी असे करीत अंजुणे धरणाच्या बाजूने चोर्ला घाटाकडे जुन्या जीपमधून ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांस एक अनुभव ठाऊक असेलच. चढण लागताच जीप दुसऱ्या गिअरवर येते, इंजिनाचा आवाज जड होतो आणि मागून आलेली नवी मोटार हॉर्न वाजवीत पुढे निघून जाते. अशा वेळी जीपच्या मालकाच्या मनात हमखास येते, की हिच्यात एखादे मोठे इंजिन बसवले तर?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परिचयाच्या एका घरी हाच प्रश्न उभा राहिला. आजोबांनी हौसेने घेतलेली विलिस जीप त्यांच्यामागे कित्येक वर्षे गोठ्याशेजारच्या छपराखाली उभी होती. नातवाने ती खटपट करून चालू केली; पण घाटात तिला ताशी तीस किलोमीटरांचा वेगही साधेना. एका गॅरेजवाल्याने सांगितले, "भंगारातले मोठे डिझेल इंजिन आठ दिवसांत बसवून देतो." नातू राजी झाला. आजींचे म्हणणे एवढेच, की गाडी त्यांची होती तशी राहू दे. आम्ही शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून दोघांनीही आम्हांस पंच नेमले. आम्ही काही मेस्त्री नाही. तथापि वहीवर गणित मांडता येते, आणि या प्रकरणात ते फार उपयोगी पडले.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनलेल्या जीपचीच ही नागरी आवृत्ती. हिचे नाव सीजे-३ए. १९४९ ते १९५३ या काळात ती बनत असे. इंजिन चार सिलिंडरांचे. प्रत्येक सिलिंडराचा व्यास ७.९४ सेंटिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ११.११ सेंटिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्यास धावेने गुणा, आणि पुन्हा चाराने गुणा. उत्तर सुमारे २२०० घन सेंटिमीटर येईल. इंजिन 'किती सीसीचे' असे आपण विचारतो ते हेच. याची शक्ती ६० अश्वशक्ती, आणि फिरवण्याचा जोर, ज्यास मेस्त्री टॉर्क म्हणतात, तो १४२ न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास साडेचौदा किलो वजन टांगले असता जेवढा पीळ बसतो, तेवढा हा जोर होय.

हा जोर चाकापर्यंत जाताना गिअरांमुळे वाढत जातो. पहिल्या गिअरात तो २.८ पट होतो. चारही चाके जोडून खालची श्रेणी लावली की आणखी २.४६ पट, आणि शेवटी एक्सलमधील दातांमुळे ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार करा : सुमारे ३७. म्हणजे घर्षणाची घट सोडली तर चाकांवर ५२०० न्यूटन-मीटरांहून अधिक जोर येतो. आता माणसांसह जीपचे वजन १४०० किलो धरा, आणि कोरड्या रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या आठ-दशांश धरा. चाकाची त्रिज्या साडेपस्तीस सेंटिमीटर. या हिशेबाने चाके जागच्या जागी घसरू लागण्यास ३९०० न्यूटन-मीटर पुरे होतात! घर्षणात काही जोर वाया गेला तरी त्या सत्तर वर्षांपूर्वीच्या इंजिनापाशी पकडीहून अधिक जोर आहे. शेतातल्या चिखलातून किंवा खाणीकडच्या तांबड्या वाटेवरून गाडी काढण्यास मोठ्या इंजिनाची गरजच नाही. हे गणित पाहून नातू जरा चमकला. आम्हीही चमकलो, हे कबूल करावयास हवे.

मग मोठे इंजिन देते तरी काय? चढावर वेग देते. तेव्हा वेगाचेही गणित केले. बारास एक असा चढ धरला, तर १४०० किलोंची गाडी वर ओढण्यास सुमारे ११५० न्यूटन बल लागते. टायरचा आणि हवेचा विरोध मिळवला की सुमारे १४०० न्यूटन. ताशी तीस किलोमीटर म्हणजे सेकंदास ८.३ मीटर. बल गुणिले वेग ही शक्ती. ती सोळा अश्वशक्तींच्या आसपास भरते. साठ अश्वशक्तींच्या इंजिनास सोळा देववत नसतील, तर ते इंजिन लहान नव्हे, आजारी आहे.

आमचा पुढचा सारा विचार या वाक्याभोवती फिरला. परंतु नातवाचे म्हणणे आम्ही उडवून लावले नाही, कारण जीपचे इंजिन बदलणे हा काही खुळा विचार नव्हे. खुद्द कारखान्यांनीच तो केला आहे. १९५३ मध्ये विलिस कंपनीने त्याच व्यासाच्या व धावेच्या इंजिनावर नवे डोके बसवले. आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह बाजूस होता तो वर नेला. सीसी तेवढीच राहून शक्ती सत्तरांच्या वर गेली. मात्र इंजिन उंच झाले, म्हणून बोनेटही उंच करावे लागले. आपल्याकडे महिंद्र कंपनीने पुढे कित्येक वर्षे बनवलेल्या जीपांची ती उंच छाती आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे मूळ हे. अमेरिकेत १९६५ मध्ये सीजे-५ जीपला ब्यूक कंपनीचे सहा सिलिंडरांचे, १६० अश्वशक्तींचे इंजिन मिळू लागले. महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून परवाना घेऊन डिझेल इंजिन आणले, ते तर २११२ घन सेंटिमीटरांचे, म्हणजे जुन्या पेट्रोल इंजिनाहून लहानच होते. त्याचा लाभ इंधनाच्या बचतीचा होता.

कारखाना इंजिन बदलतो तेव्हा बाकीच्या भागांचाही विचार करतो; गॅरेजात तो सारा भार एका मेस्त्रीवर पडतो. नवे इंजिन जुन्या गिअरबॉक्सला थेट जुळत नाही. मध्ये जाड पोलादी पट्टी तासून घालावी लागते. इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत अगदी केसाएवढाही चुकला, तर क्लच आणि बेअरिंग खाल्ले जाते. इंजिनाखालची तेलाची टाकी पुढच्या एक्सलपासून पुरेशी वर हवी, कारण खड्ड्यात गाडी आपटली की एक्सल कमानींसह वर उसळतो. घाटात वेग कमी आणि उष्णता अधिक, म्हणून रेडिएटर मोठा लागतो. त्याला जागा करण्यासाठी पुढचा पत्रा कापावा लागतो. जुन्या जीपची वीज ६ व्होल्टची. डिझेलचा सेल्फ १२ व्होल्ट मागतो. आणि वर सांगितलेला ३७ चा गुणक विसरू नका. इंजिनाचा जोर २५० झाला, तर चाकांच्या दांड्यांवर नऊ हजारांचा भार येऊ शकतो. चिखलात चाक घसरते आणि दांडा वाचतो. कोरड्या कातळावर चाक घसरत नाही, आणि तेथेच दांडा तुटतो.

सर्वांत अधिक काळजी ब्रेकची. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पन्नासाऐवजी ऐंशीच्या वेगाने जाऊ लागलो, तर तीच गाडी थांबवण्यास अडीचपटींहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. आणि ती जिरवावयाची कोठे, तर नऊ इंची चार ड्रमांत. चोर्ल्याहून केरीकडे उतरताना हे ड्रम कसे तापतात, ते हात जवळ नेऊन पाहावे. लावू मात्र नये.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. इंधन बदलण्यासारख्या काही गोष्टींस ठरीव वाटेने परवानगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावले. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी ठेवली आहे. चासी, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी तीत बसत नाही. भंगारातले इंजिन घातले, की आजोबांच्या जीपचा तो मान कायमचा गेला. आजींना कलमे ठाऊक नव्हती, पण त्यांचे म्हणणे याहून निराळे नव्हते.

तेव्हा असे ठरले, की आधी आजार शोधावा. प्रत्येक सिलिंडरातील दाब मापकाने पाहिला. तीन सिलिंडर जवळपास सारखे; तिसऱ्या क्रमांकाचा मात्र त्यांच्या निम्म्याहूनही खाली. त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा पाहिले. दाब वाढला असता तर दट्ट्यावरील कडी झिजल्या असे मानले असते. तो वाढला नाही, यावरून दोष व्हॉल्व्हचा असे अनुमान निघाले. डोके उघडले. या इंजिनाचे व्हॉल्व्ह बाजूस असल्याने काम तसे सोपे. धूर बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाच पडली होती. चार दिवस मेस्त्रीने आणि नातवाने मिळून व्हॉल्व्ह घासून बसवले, कार्ब्युरेटरातला गाळ काढला, रेडिएटर उलट्या धारेने धुतला. खर्च नव्या इंजिनाच्या मानाने किरकोळ.

पुढल्या रविवारी आम्ही चौघे घाटात गेलो. आजी पुढच्या बाकावर बसल्या. केरीपासून वर दुसऱ्या गिअरात काटा तिसाच्या खाली आला नाही. नव्या मोटारी पूर्वीसारख्याच हॉर्न वाजवीत पुढे गेल्या. नातू अजून कधीमधी मोठ्या इंजिनाचे नाव काढतो. आम्ही त्यास आधी ब्रेकचे गणित करून आणावयास सांगितले आहे. तिसऱ्या सिलिंडराचा गाइड थोडा सैल आहे; ते काम पावसाळा सरल्यावर करावयाचे आहे.