हवा, हवामान आणि आपला मुलूख

आपल्या मंदिराच्या सभासद-कुटुंबांतील पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत कन्नड माध्यमातून शिकतात. भूगोलाच्या एका पाठाशी ही मुले हमखास अडखळतात, आणि दोष त्यांच्या बुद्धीचा नसून एका शब्दाचा असतो. मराठी पाठ्यपुस्तकांत वातावरणाच्या रोजच्या स्थितीला 'हवा' आणि दीर्घकाळच्या सरासरी स्थितीला 'हवामान' म्हणतात. कन्नड पुस्तकांत मात्र 'हवामान' म्हणजे रोजची स्थिती, आणि दीर्घकाळच्या स्थितीला 'वायुगुण' हे नाव आहे. शब्द तोच, अर्थ उलट! वडिलांनी घरी समजावलेले मुलाने परीक्षेत जसेच्या तसे लिहिले की गुण गेलेच. त्यातच वर्तमानपत्रे 'आजचे हवामान' असे छापू लागल्यामुळे मराठीतला भेदही पुसट झाला आहे. या लेखात आम्ही पाठ्यपुस्तकी मराठी अर्थच धरून चालतो. कन्नड शाळेतील विद्यार्थ्यांनी उत्तर लिहिताना नाव तेवढे बदलावे.

विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट वेळी वातावरणाची जी स्थिती असते ती हवा. ती सांगताना उष्णतामान, वायुभार, वारा, आर्द्रता, ढग आणि वृष्टी यांचा विचार करावा लागतो. वैशाखाअखेरची एखादी दुपार आठवा. सकाळपासून उकाडा, वारा पडलेला, अंगाला घामाची चिकचिक. तिसऱ्या प्रहरी ढग चढतात, धुळीचे लोट उठतात, टपोरे थेंब पडतात आणि घटकाभरात मातीचा वास सुटून गारवा येतो. एका दुपारीत हवा तीनदा बदलली. हवामान मात्र तिळमात्र बदललेले नाही. वैशाखाअखेर असे घडावे, हेच तर इथले हवामान! ते ठरविण्यासाठी निदान ३० वर्षांच्या नोंदी पाहण्याचा जागतिक संकेत आहे.

आता आपल्या मुलखाचे हवामान असे का, ते पाहू. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्री आडवा आला की ते वर चढतात. वर चढताना हवा थंड होते, आणि थंड हवेत बाष्प मावत नसल्याने पाऊस कोसळतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तो यामुळेच. घाट ओलांडून वारे खाली उतरले की हवा पुन्हा तापते आणि कोरडी होते. म्हणून पंढरपूर-मंगळवेढ्याचा भाग पर्जन्यछायेत सापडला आहे. तेथून पूर्वेकडे आपल्या बाजूस यावे तसा पाऊस पुन्हा वाढू लागतो, कारण बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी वायुभाराचे प्रदेश पश्चिमेकडे सरकताना इकडे पाऊस देतात. कलबुर्गीस (पूर्वीचे गुलबर्गा) सरासरी साडेसातशे, तर बीदरकडे साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस होतो.

कलबुर्गीचे पाहुणे उन्हाळ्यात बीदरला आले की "तुमच्याकडे बरे आहे" म्हणतात, तेही उगाच नाही. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच, तर बीदर सुमारे साडेसहाशे. हजार मीटर उंचीला उष्णतामान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते; दोनशे मीटरांचा हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा.

येथवर सारे सोपे आहे. अवघड भाग पुढेच आहे, तो सरासरी या शब्दात. समजा, दोन वर्षे साडेसातशे मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या वर्षी तो मृगापासून हस्तापर्यंत बेताबेताने पडला. दुसऱ्या वर्षी पेरणीनंतर चाळीस दिवस आभाळ कोरडे राहिले आणि राहिलेला पाऊस आश्विनात चार दिवसांत ओतला. आकडा एकच, घरात आलेली तूर मात्र एक नव्हे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने कीर्तनात ऐकली आहे. पाऊस नाही, माणसे अन्नावाचून तडफडतात, पंत बहामनी बादशहाचे कोठार लुटवितात, आणि पांडुरंग विठूचे रूप घेऊन बीदरच्या दरबारात रक्कम भरतो. हा दुष्काळ सुमारे १४६० सालचा मानतात. भक्तिभावाने ऐकायची ही कथा भूगोलाच्या तासालाही सांगावी, असे आम्हांस वाटते. पर्जन्यछायेतील गावात कोठार भरून ठेवलेले असते, कारण आधीच थोडा असलेला पाऊस एखाद्या वर्षी दगा देणार हे जुन्या लोकांस ठाऊक होते. बीदरजवळच्या नौबादेत बहामनी काळातील भूमिगत पाण्याचा बोगदा आजही आहे. त्याला करेझ म्हणतात. जांभ्या दगडातून मुरलेले पाणी उन्हाळ्यासाठी असे आणणाऱ्यांनीही आपले हवामान ओळखले होते.

दगा उलट बाजूनेही होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी वायुभाराचा प्रदेश आंध्रचा किनारा ओलांडून थेट आपल्यावरून पश्चिमेस गेला. भीमेला महापूर आला, आणि गाणगापूर ज्या अफजलपूर तालुक्यात आहे तेथील नदीकाठच्या गावांतून लोकांना हलवावे लागले. त्या आठवड्याची हवा सरासरीत मिसळली की कागदावर ते वर्ष नुसते 'चांगल्या पावसाचे' दिसते.

हे सारे पाठ करण्यापेक्षा मोजून पाहणे बरे. सरळ बाजूंचे, सपाट बुडाचे भांडे भिंतीपासून व झाडापासून दूर उघड्यावर ठेवावे. रोज सकाळी साडेआठला आतील पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहावी आणि भांडे रिकामे करावे. अडीच मिलिमीटर वा अधिक भरले तर हवामान खात्याच्या व्याख्येने तो पावसाचा दिवस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तेव्हा शंभर चौरस मीटरांच्या गच्चीवर बीदरला वर्षाकाठी सुमारे ८५,००० लिटर पाणी पडते. बहुतेक ते गटारात जाते.

मृग लागल्यापासून हस्त संपेपर्यंत वही चालू ठेवावी. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन दिलेले असते, म्हैस, बेडूक, कोल्हा इत्यादी. तेही शेजारच्या रकान्यात लिहावे आणि हंगामाअखेर दोन्ही रकाने आजोबांसमवेत बसून ताडून पाहावेत. आजोबा रागावणार नाहीत. कोल्ह्याच्या नक्षत्रातही अंगण भरलेले त्यांनी पुष्कळदा पाहिले असेल.