लर्नर लायसन्सचा अभ्यास, जाळं सांधता सांधता

१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, घरोघरी जाळ्यांची डागडुजी. हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे. गेल्या बंदीत आम्ही ठरवलं की लर्नर लायसन्सचा अभ्यास या मोकळ्या कानांनीच करायचा.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. मासळी बाजारात न्यायला घरात पिकअप असते आणि ती चालवतो घरातलाच पोरगा, विनालायसन्स. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि चावी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात, ते त्याहून महाग. मालवाहू गाडीला वय २० पूर्ण हवं. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं साधं लायसन्स पुरतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

आमच्यातले एक तांडेल काका पहिल्या खेपेला नापास झाले. वाचन जेमतेम, स्क्रीनवरचा प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपायची. मग त्यांच्या मुलीने सगळे प्रश्न स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड केले. प्रश्न, मग पाच आकडे मोजण्याइतकी शांतता, मग उत्तर आणि शेवटी एका वाक्यात कारण. ही मधली शांतता सर्वात महत्त्वाची. तेवढ्यात उत्तर मोठ्याने बोलायचं, चुकलं तरी चालेल. नुसतं रेडिओसारखं लावून ठेवलं तर डोक्यात काही राहत नाही, हे आम्ही करून पाहिलंय. एका वेळी दहाच प्रश्न, आणि दुसऱ्या दिवशी आधी कालचे चुकलेले. परीक्षा ज्या भाषेत देणार त्याच भाषेत रेकॉर्ड करा. नाहीतर उत्तर येतं, पण पडद्यावरचा शब्द ओळखीचा वाटत नाही.

कारण सांगताना समुद्राचा आधार घेतला की पटकन बसतं. भर समुद्रात दोन मशीनच्या होड्यांची वाट आडवी आली, तर जिला दुसरी आपल्या उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यायची. सिग्नल नसलेल्या, सारख्याच रस्त्यांच्या चौकातही उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एवढं जुळतं. पण जिथे जुळत नाही तिथेच आपली माणसं फसतात. समोरासमोर आल्या तर समुद्रात दोन्ही होड्या उजवीकडे वळतात, रस्त्यावर मात्र आपली बाजू डावी. काकांनी नेमकं इथेच चुकीचं बटण दाबलं होतं! समुद्रात पुढच्याला कुठल्याही बाजूने मागे टाका, फक्त त्याच्यापासून दूर राहा. रस्त्यावर उजवीकडूनच ओव्हरटेक, पुढचा उजवीकडे वळत असेल तरच डावीकडून. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, याला समुद्रात जोड नाही, ते पाठच करायचं.

चिन्हं मात्र कानाने येत नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये आकार बोलून घ्या: लाल किनारीचा त्रिकोण सावध करतो, लाल किनारीचा गोल मनाई करतो, निळा गोल म्हणजे तसंच करायचं, निळा चौकोन माहिती देतो. ‘थांबा’ आठ कोनांचं, ‘वाट द्या’ हा उलटा त्रिकोण. मग जेवणाआधी चिन्हांचा तक्ता समोर धरून घरच्यांनी बोट ठेवायचं आणि आपण नाव सांगायचं. दहा मिनिटं पुरतात. पोरांना यात भारी मजा येते, ती आपल्याआधी पाठ करतात.

पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. शेवटच्या चार-पाच दिवसांत मोबाईलवर सराव परीक्षा द्याच, बटण दाबायची सवय कानाने होत नाही. काका दुसऱ्या खेपेला सुटले.

लर्नर लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ आणि बाजूला लायसन्सवाला माणूस हवाच. आणि हो, हे रेकॉर्डिंग घरात किंवा धक्क्यावर ऐका. गाडी चालवताना नको, सुकाणूवर असताना तर नकोच. तिथे कान मशीनच्या आणि भोंग्याच्या आवाजाला लागतात.