भंगार विका, पण परसात डास पाळू नका



ओला-सुका कचरा वेगळा करणं आता बहुतेक गटांत अंगवळणी पडलंय. ओला खताच्या खड्ड्यात जातो, सुका भंगारवाल्यासाठी बाजूला पडतो. आज बोलायचंय ते भंगारवाला येईपर्यंतच्या दिवसांबद्दल.

बाटल्या, फुटकी बादली, तेलाचा डबा, जुना टायर हे सगळं परसात उघड्यावर असतं आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी गटारात नाही, अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. बाटलीच्या झाकणाएवढं पाणीही तिला पुरतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, आणि आपला भंगारवाला येतो महिन्यातून एकदा! तोवर आपल्याच दारातून डास तयार होऊन शेजारीपाजारी पोचलेले असतात.

नुसतं पाणी ओतून भागत नाही बरं का. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या जरा वर चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पुन्हा पाणी लागलं की अळ्या. म्हणून रांजण, टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायची. विकायच्या बाटल्या रिकाम्या करून, झाकण लावून, गोणीत भरून छपराखाली ठेवायच्या. टायर सगळ्यात वाईट, कसाही ठेवा, आत पाणी राहतंच. तो आधी घालवा.

काही ताई म्हणतात, "मॅडम, एवढ्याशा प्लास्टिकचे कितीसे पैसे येणार? त्यापेक्षा चूल पेटवायला बरं." पिशवी लगेच पेट घेते, हे खरंच. पण प्लास्टिकचा धूर विषारी असतो. वायरचं आवरण, पीव्हीसी पाइपचे तुकडे जाळले तर डायऑक्सिनसारखी घातक द्रव्यं निघतात. तो धूर पहिल्यांदा ओढते स्वयंपाक करणारी बाई आणि तिच्याजवळ बसलेलं लेकरू. उरलेली राख पुन्हा भांडी घासायला घेतली जाते, ते वेगळंच.

पैशाचं म्हणाल तर एका घराचं भंगार थोडंच असतं. गटातल्या 10-12 घरांचं एकत्र साठवलं तर गोण्या लवकर भरतात, भंगारवाल्याला बोलावून घेता येतं आणि भावही बसून ठरवता येतो. जागा मात्र छपराखालचीच निवडा.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की जिच्या घरी बैठक असेल तिच्या परसात सगळ्यांनी एक फेरी मारा. पाण्यात डोकं खाली करून लोंबकळणारी, धक्का लागला की वळवळत तळाला जाणारी अळी दिसली, तर ते पाणी कोरड्या मातीवर ओता आणि भांडं तिथल्या तिथे घासून घ्या.