खोडरबराने फाटलेलं पान

पालकहो, मागच्या वर्षी पाचवीतल्या एका मुलाची गणिताची वही तपासायला घेतली, तर पानापानावर भोकं. उत्तर लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. कागद अगदी विरून गेला होता. गणितं फारशी चुकलेली नव्हतीच. पण पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटायचे आणि जरा मोठ्याने हाक मारली की तो दचकायचा.

त्याच्या आईला बोलावलं, तेव्हा गुणांचा विषय मी काढलाच नाही. रात्री किती वाजता झोपतो, एवढंच विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबा लोकलच्या गर्दीतून आठला घरी येतात. चहा, मग टीव्ही बघत जेवण आणि साडेनऊला वही उघडायची. साहेबांची बोलणी, हुकलेली गाडी, दिवसभराचा शीण, सगळं त्या भागाकारावर निघायचं. रडारड होऊन अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेअकरा. सकाळी सहाला उठायचं. म्हणजे झोप साडेसहा तास. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, दहावीच्या मुलांनाही ८ ते १०. त्या माउलीने बोटांवर हिशेब केला आणि गप्प बसली.

बाबांना मी दोष देत नाही. मीही माझ्या लेकीशी तसंच वागले आहे. शाळेतून दमून यायचं आणि तिला आल्या आल्या विचारायचं, "पेपर मिळाले का?" ती पाणी पीत असायची. तोंडाला लावलेलं भांडं तसंच थांबायचं. ते भांडं मला आजही दिसतं. आपण ओरडलो नाही तरी मुलांना कळतं हो. चपला कशा भिरकावल्या, पिशवी कशी आपटली, यावरून ती घरातली हवा ओळखतात.

म्हणून आज मला अभ्यासाबद्दल नाही, तुमच्या संध्याकाळीबद्दल बोलायचं आहे. घरी आलात की पहिली दहा मिनिटं कुणाला काही विचारू नका. हातपाय धुवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, थोडं टेका. श्वास घेताना लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तो सोडायला लावा. उच्छ्वास लांबला की छातीतली धडधड मंदावते. रात्रीचा चहा सोडा, कारण त्यातलं निम्मं कॅफिन चार-पाच तासांनीही अंगात असतं. आणि क्लास लावताना मुलांच्या खेळाचा तास कापू नका. रोज तासभर अंग घामेजेल असं खेळणं त्यांना हवंच.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला, तो लहानांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. पण दिवा किती वाजता मालवायचा, हे घरातच ठरतं.

त्या मुलाचा अभ्यास आता बाबा यायच्या आत आटोपतो. बाबा आले की लगेच पानं घेतात, मग बापलेक सोसायटीत दोन-चार फेऱ्या मारतात आणि नऊला दिवा बंद. वही बाबा रविवारी सकाळी बघतात.

तुम्हीही आठवडाभर एवढंच करा: रात्री दिवा किती वाजता मालवला, ते कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहा. शनिवारी पालकसभेला ते पान घेऊन या. प्रगतिपुस्तक आपण नंतर उघडू.